लायसनच्या पैशातून स्वायत्तता येत नाही

आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या अवस्थेवर मराठीत चर्चा निघाली की जाणकार माणूस फिरून फिरून एकाच मुद्द्यावर येतो. तो म्हणतो, बीबीसीकडे बघा. तिथे घरटी परवाना शुल्क आहे. प्रेक्षक स्वतःच्या खिशातून पैसे देतो, म्हणून संस्था प्रेक्षकाशी बांधील राहते. आपल्याकडेही रेडिओ-टीव्हीचं लायसन होतं. ते काढून टाकलं आणि आपली प्रसारणसंस्था सरकारच्या ओंजळीने पाणी पिऊ लागली. परिसंवादांत, अग्रलेखांत आणि पत्रकारितेच्या वर्गांत हे मत इतकं मुरलं आहे की ते तपासून पाहावं असं फारसं कुणाला वाटत नाही.

ते तपासावं, आणि नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात उभं राहून तपासावं, असा या लेखाचा हेतू आहे. घरटी शुल्काची कोणतीही योजना शहरातल्या सोसायटीत सुटसुटीत दिसते. तिची खरी परीक्षा शेवटच्या घरी होते. पेठ हा गुजरातच्या हद्दीला टेकलेला, पाचव्या अनुसूचीतला, बहुसंख्य आदिवासी वस्तीचा तालुका. भात, नागली आणि वरई ही इथली पिकं, डोंगरउतारावर विखुरलेले पाडे ही इथली वस्ती. इथल्या घरावर टीव्हीचा परवाना लादता येईल का, लादावा का आणि लादून काय साधेल, या तीन प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली तर बाकीच्या महाराष्ट्राचीही मिळतील.

आधी वस्तुस्थिती. पेठच्या घराला आज टीव्ही ठेवण्यासाठी कोणताही परवाना लागत नाही. रेडिओला वर्षाला १५ रुपये आणि टीव्हीला ५० रुपये अशी एकेकाळची आकारणी १९८०च्या दशकाच्या मध्यावर रद्द झाली. मात्र दार कायमचं बंद झालेलं नाही. १९९० साली संसदेने प्रसार भारती कायदा केला तेव्हा परवाना शुल्क उरलं नव्हतं, तरीही त्याच्या कलम १७मध्ये तरतूद आहे की असं शुल्क जमा होत असेल तर वसुलीचा खर्च वजा करून ते महामंडळाला देता येईल. तेव्हा हा वाद निव्वळ जुन्या आठवणींचा नाही. शुल्क परत आणण्याची जागा कायद्यातच राखून ठेवलेली आहे.

पूर्वपक्ष

प्रतिपक्षाचं मत त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडलं पाहिजे. दुबळा पूर्वपक्ष उभा करून तो पाडण्यात पुरुषार्थ नाही. या मताचे आधार चार आहेत.

पहिला आधार पैशाच्या उगमाचा. ज्याचा पैसा त्याचा शब्द. अनुदानावर जगणारी संस्था मंत्रालयाचं ऐकेल, जाहिरातीवर जगणारी जाहिरातदाराचं आणि शुल्कावर जगणारी प्रेक्षकाचं. दुसरा आधार उत्तरदायित्वाचा. पावती हातात असलेला माणूस जाब विचारतो. फुकट मिळालेल्या गोष्टीबद्दल कुणी तक्रार करत नाही. तिसरा आधार न्यायाचा. ज्याच्या घरात संच आहे त्यानेच खर्च उचलावा. ज्याच्याकडे टीव्हीच नाही त्याच्या करातून दूरदर्शन का चालावं? चौथा आधार स्थैर्याचा. अर्थसंकल्पातली तरतूद दर फेब्रुवारीत वरखाली होते, शुल्काचा ओघ मात्र ठरलेला असतो, आणि ओघ ठरलेला असला की संस्था पाच-दहा वर्षांचा विचार करू शकते.

हे युक्तिवाद उथळ नाहीत. पहिला आणि चौथा तर अर्थशास्त्राच्या अंगानेही टिकतील असे वाटतात. पण वाटणं वेगळं आणि घडणं वेगळं. भारतात हा प्रयोग पन्नासहून अधिक वर्षं चालला. त्याची साक्ष काय सांगते ते आधी पाहू.

आपल्याच इतिहासाची साक्ष

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईचं प्रसारण केंद्र सुरू झालं. ते चालवत होती इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ही खासगी संस्था. श्रोत्याने वर्षाला १० रुपये परवाना शुल्क भरायचं आणि त्यातला ८० टक्के वाटा कंपनीला मिळायचा. परवानावाद्यांना हवी असलेली रचना याहून शुद्ध रूपात सापडणं कठीण. मधे मंत्रालय नाही, भिस्त श्रोत्याच्या पैशावर.

निकाल काय लागला? १९२९च्या अखेरीस सगळ्या देशात मिळून परवाने होते ७,७७५. आठ रुपयांच्या हिशेबाने कंपनीच्या वाट्याला वर्षाचे सुमारे ६२ हजार रुपये येत. आयात होणाऱ्या यंत्रसामग्रीवरची वर्गणी जोडली तरी मुंबई आणि कलकत्ता ही दोन केंद्रं त्यावर निभणं शक्य नव्हतं. संच महाग, भाषा अनेक, देश अफाट. त्यात परवाना न काढता ऐकणारेही होते. १ मार्च १९३० रोजी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि १ एप्रिलपासून सरकारने केंद्रं ताब्यात घेतली. पुढच्याच वर्षी खर्च परवडत नाही म्हणून सरकारने ती बंद करायचं ठरवलं आणि लोकांच्या दबावामुळे निर्णय फिरवला. शुल्क नव्हतं म्हणून प्रसारण सरकारच्या हाती गेलं, असं समजलं जातं. प्रत्यक्षात शुल्क होतं, त्याच्यावरच सगळी मदार होती, आणि ते अपुरं पडलं म्हणून प्रसारण सरकारकडे गेलं.

दुसरी साक्ष कायद्याची. १९३३चा भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा १ जानेवारी १९३४ पासून अमलात आला. त्याच्या तिसऱ्या कलमाने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगण्यालाच मनाई केली. पहिल्या गुन्ह्याला १०० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडल्यास २५०पर्यंत. १०० रुपये ही त्या काळी लहान रक्कम नव्हती. शुल्क श्रोत्याने प्रसारणाला दिलेली वर्गणी आहे, ही कल्पना या कायद्यात कुठेही नाही. तिथे राज्यकर्ता रयतेला सांगतो की कान लावण्याचं साधन माझ्या परवानगीशिवाय घरात ठेवायचं नाही. स्वातंत्र्यानंतर झेंडा बदलला, कायदा तोच राहिला. पोस्टातून लायसनचं पुस्तक घ्यायचं, दरवर्षी त्यावर तिकीट लावून घ्यायचं, तपासनीस आला की ते दाखवायचं. पैसे जमा होत सरकारी तिजोरीत. खर्चाची मंजुरी निघे माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या मागणीतून. श्रोता आणि प्रसारक यांच्यामध्ये पोस्ट होतं, खजिना होता, मंत्रालय होतं. श्रोत्याच्या पावतीला प्रसारणगृहाच्या दारापर्यंत पोचायला वाटच नव्हती.

तिसरी साक्ष निर्णायक आहे. जून १९७५ ते मार्च १९७७ या आणीबाणीच्या काळात परवाना शुल्क चालू होतं. पोस्टात पैसे भरून लाखो घरांनी त्या काळात आपली पुस्तकं नूतन करून घेतली आणि त्याच संचांवर सरकारची एकतर्फी बाजू ऐकली. आकाशवाणीला 'ऑल इंदिरा रेडिओ' हे टोपणनाव पडलं ते याच शुल्कभरल्या वर्षांत. पुढे ऑगस्ट १९७७ मध्ये जनता सरकारने प्रसारमाध्यमांच्या गैरवापरावर श्वेतपत्रिका काढली. बी. जी. वर्गीज समितीने १९७८ साली 'आकाश भारती' या स्वायत्त न्यासाची शिफारस केली. त्याआधी १९६६ मध्ये चंदा समितीनेही स्वायत्त महामंडळं सुचवली होती. तिच्या शिफारशींतली जाहिरातींची सूचना सरकारला तत्परतेने पटली: १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती ऐकू येऊ लागल्या. स्वायत्ततेची शिफारस मात्र फायलीत राहिली.

आता घटनांचा क्रम लावून पाहावा. प्रसारण सरकारकडे आल्यापासून परवाना होता त्या संपूर्ण काळात ते स्वायत्त नव्हतं. स्वायत्ततेचा कायदा, भले कागदावर का होईना, झाला तो परवाना गेल्यानंतर. पहिल्या आधाराचं म्हणणं खरं असतं तर क्रम नेमका उलटा लागायला हवा होता.

बीबीसीचा दाखला

यावर उत्तर तयार असतं: आपल्याकडची वसुलीच सदोष होती, ब्रिटनकडे बघा. बघू.

ब्रिटनमधलं शुल्क एप्रिल २०२५ मध्ये वर्षाला १७४.५० पौंड झालं, म्हणजे आपल्या वीस हजार रुपयांच्या आसपास. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना एक गोष्ट चांगली ठाऊक असते, पण आपल्या परिसंवादांत ती सहसा येत नाही. ते शुल्क बीबीसी पाहण्याचं नाही. कोणत्याही वाहिनीचं प्रसारण चालू असताना थेट पाहण्यासाठी ते लागतं. घरात बीबीसी कधी लागत नसेल आणि फक्त भारतातली एखादी मराठी वाहिनी थेट बघितली जात असेल, तरी परवाना हवा. उलट सवडीने नेटफ्लिक्सवर चित्रपट बघणाऱ्याला तो नको. बीबीसीच्या आयप्लेअरला मात्र सप्टेंबर २०१६ पासून हवा. ग्राहकाने मालाचे पैसे दिले असं हे नातं नाही. न भरणाऱ्यावर फौजदारी खटला होतो, एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि दोषी ठरणाऱ्यांत स्त्रियांचं प्रमाण पुरुषांच्या कितीतरी पट आहे. तपासनीस दार वाजवतो तेव्हा घरी कोण असतं, एवढ्याने त्याचा पुष्कळसा उलगडा होतो.

शुल्काचा दर ठरवतं सरकार. २०१० साली सरकारने दर १४५.५० पौंडांवर गोठवला आणि वर्ल्ड सर्व्हिसचा खर्च बीबीसीच्या माथी मारला. २०१५ साली पंचाहत्तरीपुढच्या वृद्धांच्या मोफत परवान्यांचा भार तिच्याकडे ढकलला. जानेवारी २०२२ मध्ये दर पुन्हा दोन वर्षांसाठी गोठवल्याचं जाहीर झालं. ठरलेल्या ओघाचा चौथा आधार इथे ढासळतो. शुल्काचा नळ प्रेक्षकाच्या घरात असला तरी तोटी मंत्र्याच्या हातात आहे.

सर्वांत बोलकं उदाहरण मराठी वाचकाच्या हातातल्या मोबाइलमध्येच आहे. बीबीसी मराठी २ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाली. अकरा नव्या भाषांच्या ज्या विस्तारातून ती निघाली, त्यासाठीचा पैसा ब्रिटनच्या घरगुती परवान्याचा नव्हता. ब्रिटिश सरकारने वर्ल्ड सर्व्हिसला दिलेलं ते अनुदान होतं. ज्या बीबीसीचा दाखला देऊन आपण शुल्काची महती गातो, तिची मराठी शाखा सरकारी पैशातून उभी राहिली आणि तरी तिच्यावर कुणी सरकारी भोंगा म्हणून शिक्का मारत नाही. उलट बाजूला पाकिस्तान आहे. तिथे पीटीव्हीसाठी घरोघरच्या वीजबिलात वर्षानुवर्षं महिना ३५ रुपये लावले गेले. पैसा थेट घरातून येत होता, पण त्यामुळे पीटीव्ही सरकारच्या पकडीतून सुटली असं पाकिस्तानातला माणूसही म्हणणार नाही.

दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवली की पैशाच्या उगमाचा सिद्धांत टिकत नाही. पैसा कुठून येतो यापेक्षा तो कुणाच्या हाताने, कोणत्या नियमाने आणि कुणाला रोखता न येईल अशा रीतीने येतो, याने संस्थेचं वर्तन ठरतं. जर्मनीने हे ओळखलं. तिथे २०१३ पासून घरटी वर्गणी आहे, संच असो वा नसो. पण रक्कम किती असावी याची शिफारस एक स्वतंत्र आयोग करतो. एका प्रांताने वाढ अडवली तेव्हा २०२१ साली घटनात्मक न्यायालयाने ती लागू करून दाखवली. बळ वर्गणीत नव्हतं. आयोगात आणि न्यायालयात होतं.

पेठच्या घरात

आता तिसरा आधार, न्यायाचा. ज्याच्या घरी संच त्याच्यावर खर्च, हे ऐकायला रास्त वाटतं. पण सपाट शुल्काचं गणित सगळ्या घरांना एकाच मापाने मोजतं. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या बंगल्यात चार टीव्ही असले तरी एक परवाना, आणि पेठच्या पाड्यावर कर्जाने घेतलेला एकच लहान संच असला तरी तोच एक परवाना. दिवाळीनंतर या भागातली असंख्य कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला जातात आणि घराला महिनोन्‌महिने कुलूप असतं. त्या बंद संचाचं वर्षभराचं शुल्क कोण भरणार, आणि न भरल्याची नोटीस कुणाच्या दाराला लागणार?

फिनलंडने हा अन्याय ओळखून २०१३ साली सपाट शुल्क काढून उत्पन्नावर आधारित कर आणला आणि अल्प उत्पन्नाच्या माणसाला त्यातून वगळलं. स्वीडनने २०१९ मध्ये तोच मार्ग धरला. फ्रान्सने २०२२ साली घरटी शुल्क रद्दच केलं. परवान्याची वाट जगाने आखली होती हे खरं, पण आज जग ती सोडून चाललं आहे.

वसुलीची अडचण त्याहून मोठी आहे. परवाना शुल्क वसूल करायचं तर न भरणाऱ्याचं प्रसारण तोडता आलं पाहिजे, किंवा घरात घुसून संच शोधता आला पाहिजे. डोंगराळ भागातल्या छपरांवर दिसणारी डीडी फ्री डिशची थाळी डिसेंबर २००४ पासूनच्या योजनेतली आहे. एकदा थाळी आणि पेटी घेतली की महिन्याचं भाडं नाही. उपग्रह वरून सोडतो, थाळी खाली झेलते. कोण पाहतं आहे याची माहिती परत जाण्याची सोयच त्यात नाही. म्हणून कुणाची वाहिनी बंद करता येत नाही. उरतो तो तपासनीस. पेठच्या पाड्यांवर फिरून टीव्ही मोजणाऱ्या माणसाचा पगार आणि प्रवासभत्ता गोळा होणाऱ्या शुल्काला पुरणार नाही, आणि १९३३च्या कायद्याचा जो दरारा आपण मोठ्या मुश्किलीने घालवला तो दंड नि जप्तीच्या रूपाने परत येईल. १९८०च्या दशकात परवाना गेला त्यामागे हेही एक कारण होतं: वसुली खर्चिक, चुकवेगिरी सर्रास आणि सामान्य माणसाला मनस्ताप.

शिवाय आता टीव्ही म्हणजे काय, हाच प्रश्न आहे. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात 'वेव्ह्ज' हे मोफत ॲप आणलं. दूरदर्शन आता मोबाइलवर चालतं. पाड्यावरच्या पोराने रानात गुरं राखताना मोबाइलवर सह्याद्री वाहिनी लावली तर परवाना संचाचा, माणसाचा की घराचा?

फुकट कुणीच पाहत नाही

इथे परवानावादी म्हणेल, मग पेठच्या माणसाने फुकट बघावं का? दुसरा आधार, उत्तरदायित्वाचा, याच गृहीतकावर उभा आहे की परवाना गेल्यापासून घर काहीच देत नाही. हे गृहीतक आकड्यांपुढे टिकत नाही.

केबल किंवा खासगी डीटीएच घेणाऱ्या घराचा विचार करा. २०१९ पासून कित्येक वर्षं मूळ जोडणीचं शुल्क महिना १३० रुपयांपर्यंत होतं. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. त्यातला कर महिन्याला २३ रुपये ४० पैसे, म्हणजे वर्षाला २८० रुपये ८० पैसे. पैशांच्या वाहिन्या घेतल्या तर त्यावर वेगळा. डीटीएच कंपन्या आपल्या समायोजित महसुलाच्या आठ टक्के रक्कम केंद्राला परवाना शुल्क म्हणून देतात. ती शेवटी प्रेक्षकाच्याच बिलातून निघते. टीव्ही संचावर जीएसटी आहेच. जीएसटीपूर्वी महाराष्ट्रात केबलच्या दर जोडणीवर करमणूक कर होता आणि तो महसूल खात्याची करमणूक शाखा वसूल करत असे. फ्री डिशवाल्या घरालाही सूट नाही: साबणाच्या वडीपासून बियाण्याच्या पाकिटापर्यंत जाहिरातीचा खर्च किमतीत मिसळलेला असतो.

याच्या शेजारी दुसरी रक्कम मांडू. प्रसार भारतीला केंद्राकडून मिळणारं वार्षिक अनुदान अडीच हजार कोटी रुपयांच्या आसपास असतं आणि त्याचा मोठा भाग पगारावर जातो. देशात तीस कोटी घरं धरली तर घरटी वाटा होतो वर्षाला साधारण ८३ रुपये. म्हणजे केबल जोडलेलं घर टीव्ही पाहण्यावरचा कर म्हणून जे देतं, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही सार्वजनिक प्रसारणाचा खर्च कमी आहे. पैसा घरातून निघतो, तिजोरीत पडतो आणि तिथून कुणाच्या तरी मर्जीने प्रसार भारतीकडे येतो. नवं शुल्क लावल्याने यातला पहिला टप्पा जाड होईल. मर्जीचा टप्पा होता तसाच राहील.

जाब विचारण्याच्या हक्काचंही तसंच. तो हक्क पावतीतून मिळत नाही. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात निकाल दिला की प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या या निकालाचा रोख स्पष्ट होता: या लहरींवर सरकारची मक्तेदारी नको आणि खासगी मालकाचीही नको, त्यांचं नियमन स्वतंत्र सार्वजनिक संस्थेने करावं. मालमत्ता सार्वजनिक असेल तर पेठचा नागरिक तिचा सहमालक ठरतो, शुल्क भरो वा न भरो. सहमालकाला ग्राहक बनवून त्याच्या हातात पावती देणं म्हणजे त्याचा हक्क वाढवणं नव्हे, कमी करणं आहे.

मंडन

खंडनानंतर काय हवं तेही सांगितलं पाहिजे.

पहिली गोष्ट, कायद्यात असलेली रचना आधी अमलात आणावी. प्रसार भारती कायद्याच्या कलम १३मध्ये २२ खासदारांच्या संसदीय समितीची तरतूद आहे, लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७. महामंडळ मंत्रालयाऐवजी संसदेला उत्तर देईल, हा तिचा हेतू. कायदा १५ सप्टेंबर १९९७ रोजी अमलात आला, पण ही समिती कागदावरच राहिली. स्वायत्ततेची किल्ली परवान्यात शोधणाऱ्यांनी आधी या कलमाबद्दल आवाज उठवायला हवा होता.

दुसरी गोष्ट, रक्कम सूत्राने ठरावी. दूरचित्रवाणीच्या बिलांवर जमा होणाऱ्या जीएसटीतला आणि डीटीएचच्या परवाना शुल्कातला निश्चित हिस्सा कायद्याने पाच-पाच वर्षांसाठी राखून ठेवावा आणि तो किती असावा याची शिफारस जर्मनीसारख्या स्वतंत्र आयोगाने करावी. त्यामुळे जास्त महागडी जोडणी घेणाऱ्या घराकडून जास्त पैसा येईल, पाड्यावरच्या घराला नवी पावती फाडावी लागणार नाही आणि पूर्वपक्षाचा चौथा आधार, जो मुळात योग्य आहे, परवान्याशिवायच साधेल.

तिसरी गोष्ट, या पैशाच्या बदल्यात पेठला काय मिळतं याचा हिशेब हवा. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रसारण पायाभूत सुविधांसाठी २,५३९.६१ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिच्यात दुर्गम, आदिवासी आणि सीमाभागात आठ लाख फ्री डिश पेट्या मोफत देण्याची तरतूद आहे. पेट्या पोचतील. पण त्या पेटीत पेठच्या माणसासाठी काय आहे? नागलीचा भाव, वनहक्काच्या दाव्याची माहिती, कोकणा आणि वारली बोलीतली बातमी, बोहाड्याची सोंगं नि डोंगऱ्या देवाची गाणी यांना त्यात किती वेळ मिळतो? सार्वजनिक प्रसारणाचं समर्थन याच प्रश्नाच्या उत्तरावर उभं राहतं, कारण इतक्या थोड्या आणि इतक्या गरीब प्रेक्षकासाठी खासगी वाहिनी कधीच कार्यक्रम करणार नाही.

हे स्वप्नरंजन नाही. याच जिल्ह्याच्या नावावर त्याचा पुरावा आहे. १९५६ साली आकाशवाणी पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या श्रवणमंडळांचा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, उत्तर सातारा आणि कोल्हापूर यांच्यासोबत त्यात नाशिक होता. दीडशे गावं, प्रत्येक गावात वीसेक माणसांचं मंडळ, एक सामुदायिक रेडिओ आणि आठवड्यातून दोन कार्यक्रम. गावकरी ऐकत, चर्चा करत आणि आपले प्रश्न नि मतं केंद्राला कळवत. त्यांवर पुढच्या कार्यक्रमांत उत्तरं मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचं मूल्यमापन केलं आणि तो अभ्यास देशाबाहेरही वाचला गेला. त्या मंडळांतल्या शेतकऱ्याला जाब विचारता आला तो परवान्याच्या जोरावर नाही. त्याचं ऐकून घेणारी व्यवस्था समोर होती, म्हणून.

घराने टीव्हीसाठी पैसे द्यावेत का, या प्रश्नाचं उत्तर असं आहे की घर ते देतंच आहे आणि पुढेही देईल. वेगळ्या परवान्याची मागणी हा मूळ दुखण्यावरून लक्ष उडवणारा उपाय आहे. सरकार बदललं की बातमीचा सूर बदलतो, याचं कारण प्रेक्षकाने पावती फाडली नाही हे नाही. मंत्रालय आणि बातमीदार यांच्यामध्ये संसदेने उभी करायला सांगितलेली भिंत कुणी बांधली नाही, हे आहे. बीबीसीचं कौतुक करणाऱ्यांनी पुढच्या परिसंवादात परवान्याचा दर विचारण्याऐवजी आपल्या खासदाराला विचारावं: कलम १३ची समिती केव्हा नेमणार?